प्रकल्पाच्या वहीत प्रश्नचिन्ह कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शाळेच्या प्रकल्पांवरून वाचकांची पत्रं येतायत ती सगळी वाचली. कुणी म्हणतं प्रकल्प आईबापच करतात, कुणी म्हणतं पोरं नेटवरून उतरवतात, एकांनी तर लिहिलंय की बंदच करून टाका. मी देवगड तालुक्यात एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, दिवाळीची सुट्टी संपली की ही सगळी पोरं आमच्याच टेबलापाशी येऊन उभी राहतात, त्यामुळे मला यात बोलल्याशिवाय राहवत नाही.

पोरं उतरवतात हे खरंय. पण ती उतरवतात कारण त्यांना उतरवण्याजोगंच काम दिलेलं असतं. वहीवर विषय काय असतो बघा, कोकणातील मासेमारीची माहिती, हापूस आंब्याची माहिती, विजयदुर्ग किल्ल्याची माहिती. सगळी वही चाळली तरी एक प्रश्नचिन्ह सापडत नाही. आता माहिती मागितली की माहिती मिळते, ढिगाने मिळते, पण त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कुठे थांबायचं हे त्या पोराला कोण सांगणार? मग ते चाळीस पानं भरेपर्यंत लिहितं, वर किल्ल्याचा रंगीत फोटो चिकटवतं आणि झालं. त्याला स्वतःला काही जाणून घ्यायचंच नव्हतं तर दुसरं काय होणार.

आमच्याच तालुक्यातलं उदाहरण देते. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बीण लावली आणि सूर्यात हेलियम सापडला, ज्या ओट्यांवर दुर्बीण ठेवली ते साहेबाचे ओटे, अशी ती गोष्ट. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस पण होतो, शाळांची पोरं जातात, छान वाटतं.

तर मध्यंतरी आठवीतली एक मुलगी हाच विषय घेऊन आली. मी तिला लगेच पुस्तक काढून दिलं नाही. म्हटलं, तुला यातलं नक्की काय शोधायचंय ते एका ओळीत लिही आणि शेवटी प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे. तिने लिहिलं, हेलियमचा शोध कसा लागला? म्हटलं चांगलाय पण फार मोठाय, याचे तुकडे कर. बराच वेळ पेन चावत बसली आणि मग वहीत लिहिलं, "त्या दिवशी लॉकियर कुठे होते?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कारण बघा, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. ते आपल्या मनावर नाही, कागदावर अवलंबून आहे, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याला नको असलेलं पण येऊ शकतं. ज्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर येऊच शकत नाही तो विचारून काही शोधता येत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि उत्तर खरंच वेगळं आलं. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाला फ्रान्सचे शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन आंध्रात गुंटूरला होते, त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, बघितला आणि त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांना त्या पुन्हा बघता आल्या. लॉकियरनी तेच काम स्वतंत्रपणे इंग्लंडात बसून केलं, २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवाय, आणि त्यांना सोडियमच्या जोडरेषांच्या जवळ पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा दिसली. तीच पुढे हेलियमची ठरली. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली म्हणून फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. आणि पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं, विल्यम रॅमसे यांना तो क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून मिळाला.

आता इथे थांबली असती तर ती पोर रडवेली होऊन गेली असती, कारण तिच्या गावाजवळचा किल्ला यातून पार बाहेर पडत होता. पण एका चांगल्या प्रश्नातून दुसरा निघतोच. तिने विचारलं, मग ताई, साहेब आलेच नाहीत का कधी? आणि साहेब आलेले आहेत! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर स्वतः आपली टीम आणि यंत्रं घेऊन विजयदुर्गावर उतरले, ब्रिटिश नौदलाच्या मेलपोमीन जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला सोलापूरच्या बाजूला जेऊरला होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी पण तिथेच. म्हणजे गोष्टीतला माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहण पण खरं, फक्त ग्रहण दुसरं. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एकमेकांना चिकटली.

तिसरा प्रश्न तिने घरी जाऊन आणला, की ते ओटे नक्की कुठल्या ग्रहणाचे? १८६८ च्या खग्रास पट्ट्यात आपला हा किनारा पण होता, त्यामुळे तेव्हाही कुणी वेध घेतले असतील तर त्याचा कागद असणार, आणि १८९८ चे असतील तर लॉकियरच्या अहवालात ओट्यांचं काहीतरी असणार. हे शोधायला जागा आहेत. नेचर हे साप्ताहिक लॉकियरनीच १८६९ ला सुरू केलं आणि १८९८ ला तेच संपादक होते, त्याचे जुने अंक चाळता येतात. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारने छापलेला माहितीग्रंथ, १८८० चं आहे, म्हणजे पहिल्या ग्रहणानंतरचं आणि दुसऱ्याच्या आधीचं, त्यात विजयदुर्गाबद्दल काय लिहिलंय आणि ओट्यांचा उल्लेख आहे की नाही हे बघणं हा आठवीतल्या मुलीला सहज जमणारा शोध आहे. सांगायचा मुद्दा हा की प्रश्न नीट विचारला तर कुठला कागद उघडायचा हे पण तोच सांगतो. नुसती विजयदुर्गाची माहिती म्हटलं असतं तर गॅझेटिअरचं साल किती हे कशाला बघायला गेलं असतं कोण?

यावरून गावात थोडी कुरबुर झाली, कशाला किल्ल्याचं नाव घालवताय म्हणून. मला हे कळतं, आपल्या मातीचा अभिमान मलाही आहे, पण किल्ल्याचं नाव यात जातंय कुठे? नेचरचा संपादक असलेला, सूर्याच्या वर्णपटातला आघाडीचा माणूस इतक्या लांबून यंत्रं घेऊन आपल्या किल्ल्यावर येऊन राहिला ही गोष्ट काय लहान आहे? आणि ती पुराव्याची आहे, बाहेरच्या कुणी उलटतपासणी घेतली तरी टिकणारी. डॉ. रा. गो. भांडारकर मालवणात जन्मलेले, १८३७ साली. इतिहास लिहिणाऱ्याने वकिलासारखं एका बाजूने न बोलता न्यायाधीशासारखं पुराव्याकडे बघावं हा त्यांचा आग्रह होता. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलंय आणि आपण पोरांना अजून वकिली शिकवतोय.

कागद नसतात तिथे माणसं असतात, आणि माणसांना विचारण्यात तर आपण फारच घाई करतो. मासेमारीच्या प्रकल्पाला दोन मुलं एकाच रापणीवाल्या आजोबांकडे गेली होती (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं), मी पण होते बरोबर. मुलग्याने मोबाईल समोर धरला आणि सुरू, "आजोबा, पूर्वी मासे खूप होते ना?" होते. "आणि आता पर्ससीनमुळे कमी झाले ना?" (म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठ्या बोटींचं जाळं.) झाले. "सरकार लक्ष देत नाही ना?" नाय. झाली मुलाखत. आजोबा खोटं बोलले असं नाही, पण प्रश्नातच उत्तर भरून दिलं की समोरच्याला फक्त झाकण लावायचं उरतं, आणि म्हातारी माणसं पोराचं मन मोडत नाहीत, हो म्हणतात.

मुलीने वेगळं विचारलं. "आजोबा, तुमची शेवटची मोठी रापण कधी लागली?" आजोबा गप्प झाले, किनाऱ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "थांब गो बाय, थोरल्या नातवाचां बारसां झालां त्या वर्साक, दिवाळी होवन गेल्ली." आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. होडी कुठून घातली, दोन्ही बाजूंचे दोर ओढायला कुठल्या वाडीची माणसं आली, वारा कसा होता, वाटे कसे पडले, होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, दोर ओढणाऱ्याचा किती, त्यात तारली किती आणि बांगडा किती. पुढच्या वर्षी तारली आलीच नाही पण बांगडा बरा होता, त्याच्या पुढच्या वर्षी उलटं झालं. रात्रीचे मोठ्या बोटींचे लाईट किनाऱ्यावरून किती जवळ दिसायचे आणि कुठल्या महिन्यात, हे पण त्यांनी सांगितलं, कारण तिने महिना विचारला.

हा महिना फार महत्त्वाचा आहे, नियमांचं सगळं गणित महिन्यावर आहे. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि २०१६ च्या आदेशानंतर राज्याच्या हद्दीत पर्ससीनला परवानगी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. त्यामुळे लाईट फेब्रुवारीत दिसत होते असं कुणी सांगितलं तर ती एक तपासता येणारी गोष्ट होते, नुसती तक्रार राहत नाही. आणि तारली एका वर्षी का येते, दुसऱ्या वर्षी का नाही याचं एकच कारण पण नसतं. तारलीचं उत्पादन वर्षाला बरंच खालीवर होतं, समुद्राचं तापमान आणि एल निनो यांच्याशी त्याचा संबंध कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलाय, ही संस्था दरवर्षी राज्यवार, जातवार आकडे काढते. आजोबांचं नातवाच्या बारशाचं वर्ष शोधायचं आणि त्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघायचं, जुळतंय का, नाही जुळत तर का नाही. पर्ससीनवाल्यांना सोडून द्या असं मी म्हणत नाहीये, पारंपरिक मच्छीमारांचं गाऱ्हाणं खरंच आहे. पण ते गाऱ्हाणं मांडायचं तर महिना, वर्ष, जागा हे असलं पाहिजे, नाहीतर ऑफिसात कागद फिरत राहतो आणि काही होत नाही.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, सणावारावर, लग्नाबारशावर, वादळावर लावून विचारा, हे मी प्रत्येक पोराला सांगते. पूर्वी पाऊस जास्त होता ना म्हटलं की कुणीही हो म्हणेल. त्याऐवजी तुमच्या घरची विहीर कुठल्या सणापर्यंत पुरायची आणि आता कुठपर्यंत पुरते असं विचारलं तर मनातलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतात. आजीला विचारायला विसरू नका, पाणी तिने भरलेलं असतं.

अजून एका प्रकारचा प्रश्न आहे जो पोरांना सुचत नाही पण एकदा दाखवला की फार आवडतो, तो म्हणजे इथे काय नाहीये? रत्नागिरी, राजापूर, लांज्याच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर कोरलेली, कातळशिल्पं घ्या. सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी सडे पालथे घालून, गावागावात गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत ती शोधली आणि २०२२ ला त्यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, आपल्या सिंधुदुर्गातलं कुडोपी. आता ही कुणी कोरली म्हणून विचारलं तर पांडवांपासून परग्रहवासीयांपर्यंत काहीही उत्तर मिळतं. पण अभ्यासकांनी विचारलं की चित्रांत काय आहे आणि काय नाही. हत्ती आहे, गेंडा आहे, मासे आहेत, जो गेंडा आज कोकणात नावालाही नाही तो आहे, पण शेतीची चित्रं मिळत नाहीत. त्यावरून हे शिकार करून, गोळा करून जगणाऱ्या माणसांचं काम असावं असा अंदाज बांधला गेला. नसलेल्या गोष्टीवरून केवढं कळलं बघा. पोरांना सड्यावर न्या आणि नुसतं हे विचारा, बाण आहे का? घर आहे का? होडी आहे का? उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.

आंब्याचं पण तसंच. आंब्यात साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा भाग, का होतो, हे नेटला विचारलं की पानभर येतं, ते उतरवून काही होत नाही. आमच्याकडच्या एका बागायतदाराच्या नातवाला सुचवलं की तुझ्याच बागेतला प्रश्न घे, चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी, काढलेल्या फळात साका किती आणि झाडावर जास्त ठेवलेल्या फळात किती? एकाच कलमाची फळं घे, दोन वेगळ्या क्रेटात पिकव, काप आणि मोज. पूर्ण तयार होईपर्यंत ठेवलेल्या फळात साक्याचं प्रमाण वाढतं हे कृषी विद्यापीठवाले सांगतातच, पण त्याच्या बागेत काय होतं ते त्याच्याशिवाय कोण सांगणार. घरच्यांनी क्रेटभर आंबे कापायला दिले ही त्या घराची मोठी गोष्ट, हे इथे मुद्दाम लिहिते.

मोबाईलबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर कुणीतरी म्हणेल ताई जुन्या जमान्यातल्या. गुगल, चॅटजीपीटी सगळं पोरं वापरतात, वापरू देत. पण तिथेही विचारण्यातच सगळं आहे. विजयदुर्गावर हेलियमचा शोध कसा लागला असं टाईप केलं की विजयदुर्गावर लागला हे तुम्हीच आधी धरून चाललात, मग तशीच गोष्ट समोर येण्याची शक्यता जास्त. त्याच यंत्राला लॉकियर १८६८ च्या ऑगस्टमध्ये कुठे होते आणि ते कुठल्या कागदावरून कळतं असं विचारा, आणि मग तो कागद स्वतः उघडून बघा. हा शेवटचा भाग पोरं गाळतात, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही गाळतात, व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे पाठवताना कोण कागद उघडतं?

तेव्हा माझी शिक्षकांना हात जोडून विनंती आहे की प्रकल्पाचा विषय देताना माहिती हा शब्द काढा आणि पहिल्या पानावर पोराचा स्वतःचा प्रश्न लिहून घ्या, त्याच्या हस्ताक्षरात, आणि वीसातले पाच मार्क त्या प्रश्नाला ठेवा. पानं किती भरली हे बघू नका, दोन पानांत उत्तर आलं तर दोन पानं पुरे. उत्तर मिळालं नाही पण कुठे कुठे शोधलं हे लिहिलं असेल तरी मार्क द्या, कारण पुढच्या वर्षी दुसरं पोरगं तिथून पुढे जाईल. आणि पालकांनो, पोराने घरी येऊन "कशावरून?" विचारलं तर त्याला उद्धट म्हणू नका हो. हे मी कळकळीने सांगतेय, घरात एकदा गप्प बसवलेलं पोर वाचनालयात येऊन तोंड उघडत नाही, मी रोज बघते.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही मागणं आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत गावोगावच्या आख्यायिका येतात, त्या येऊ द्याच, पण खाली एक ओळ टाका की ही गोष्ट कुणी सांगितली आणि कशावरून. दुसरं म्हणजे आठवड्यातून एक छोटी चौकट पोरांच्या प्रश्नांना द्या. उत्तरं नकोत, नुसते प्रश्न छापा, शाळेचं आणि इयत्तेचं नाव घालून. ज्याच्याकडे जुना कागद असेल, फोटो असेल, आजोबांची वही असेल तो वाचक कळवेल. गावोगावच्या माळ्यांवर ट्रंका भरून कागद पडून आहेत, वाळवी लागतेय, कुणी विचारत नाही म्हणून ते बाहेर येत नाहीत. पहिल्या चौकटीसाठी प्रश्न माझ्याकडे तयार आहे, विजयदुर्गावरच्या साहेबाच्या ओट्यांचा १८९८ च्या आधीचा एखादा फोटो, चित्र, नकाशा किंवा पत्र कुणाकडे आहे का? असेल तर कृपया तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर कळवायला सांगा, ती मुलगी आता नववीत गेलीय आणि अजून शोधतेय.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग